आमच्या रायफल क्लबची महिन्याची मेंबर्स मॅच – सविस्तर रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापलाय तो जॅकेटांमुळे, त्याचं पुढे येईलच.

हा रिव्ह्यू अख्ख्या क्लबचा नाहीये, क्लब दर महिन्याला फक्त सभासदांसाठी जी दहा मीटर एअर रायफलची मॅच घेतो तिचा आहे. पुण्यातला लहानसा क्लब, मोजक्या लेन, त्यातल्या दोनच इलेक्ट्रॉनिक आणि बाकी सगळं कागदी टार्गेट. नाव टाकत नाहीये कारण मी स्वतः तिथली सभासद आहे आणि जाहिरात वाटायला नको. लिहितेय ते दुसऱ्या क्लबांतल्या लोकांसाठी, म्हणजे सभासदांनी वाचावं आणि जमलं तर आपापल्या क्लबच्या कमिटीलाही दाखवावं, कारण ह्यातलं जवळजवळ काहीच फार खर्चिक नाहीये.

बऱ्याच क्लबांत काय होतं बघा. फी भरली, लेन मिळाली, सरांनी पोझिशन लावून दिली, ट्रिगर कसा घ्यायचा ते दाखवलं, आणि मग तुम्ही प्रॅक्टिस करता. वर्षानुवर्षं प्रॅक्टिसच करता. मॅच म्हणजे एकदम जिल्हा नाहीतर स्टेट, आणि तिथे जायचं तर स्वतःची गन पाहिजे, जॅकेट-ट्राउझर-बूट पाहिजेत, कामाच्या दिवशी रजा पाहिजे, साठ शॉट्स उभं राहायचा दम पाहिजे आणि शेजारच्या लेनवर बारावीतली मुलगी असते जी सहज 620 च्या वर मारते. नोकरी करणारा चाळीशीतला माणूस तिथे एकदा जातो आणि परत जात नाही. मी आधी ज्या क्लबात होते तिथे तर अंतर्गत मॅच आहे हे फक्त सिलेक्शनच्या मुलांच्या पालकांना कळायचं, बाकीच्यांना आदल्या रात्री मेसेज, उद्या सकाळी सातला. विचारलं तर उत्तर काय, "मॅडम, तुम्ही तर फिटनेससाठी येता ना, तुम्हाला मॅच कशाला?" हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. पैसे आम्हीही तेवढेच भरत होतो.

आणि वरची शिडी आपल्याकडे चांगली उभी आहे हो, तक्रार तिची नाहीच. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया 1951 साली सुरू झाली, पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, तेच लोकसभेचे पहिले सभापती. त्यांच्याच नावाने मावळंकर स्पर्धा होते, तिथे ठरलेला स्कोअर केला की नॅशनल्सचा रस्ता उघडतो. जिल्हा, राज्य, झोन, मावळंकर, नॅशनल, सगळ्या पायऱ्या आहेत. पण पहिली पायरीच कमरेएवढी उंच आहे. तिच्याखाली एक बुटकी पायरी लागते आणि ती फक्त क्लबच बांधू शकतो. आमच्या क्लबने ती बांधलीय असं माझं म्हणणं आहे.

आता मॅच कशी असते ते सांगते.

पहिली गोष्ट, मॅच एका दिवसाची नाही, आठवड्याची आहे. सोमवार ते शनिवार रेंज चालू असेल त्या कुठल्याही वेळेत तुम्ही येऊन तुमची मॅच शूट करू शकता. फक्त पहिला सायटर, म्हणजे नेम जुळवायचा शॉट, मारायच्या आधी रेंज ऑफिसरला सांगायचं की आज माझी मॅच. एकदा सांगितलं की मग मागे फिरणं नाही, खराब गेली तरी तीच धरली जाणार, दुसरा चान्स नाही. कार्डांवर, म्हणजे कागदी टार्गेटवर, क्रमांक आणि क्लबचा शिक्का असतो, रेंज ऑफिसर सही करतात, शूट झाल्यावर सगळी कार्डं पाकिटात घालून चिकटवून पेटीत. इंग्लंडमध्ये क्लबा-क्लबांच्या अशा पोस्टल लीग कितीतरी वर्षांपासून चालत आल्यात, आपल्याच रेंजवर कार्ड शूट करायचं आणि पोस्टाने स्कोअरिंगला पाठवायचं, कोणी कुठे प्रवास करायचा नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तर घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक टार्गेट लावून ऑनलाईन आंतरराष्ट्रीय मॅचसुद्धा झाल्या. म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी एकाच लाईनवर उभं राहिलं तरच मॅच खरी असं काही नाहीये, कार्ड खरं असलं पाहिजे आणि बघणारा माणूस खरा असला पाहिजे. शिफ्टमध्ये काम करणारे, दुकान असलेले, लहान मूल घरी असलेल्या बायका, हे सगळे ह्या एका नियमामुळे मॅचमध्ये आले. मी तर म्हणेन ह्या मॅचमधली एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला.

दुसरी गोष्ट तीस शॉट्स. ऑलिंपिकची मॅच साठ शॉट्सची, 2018 पासून बायकांनाही साठच केली, त्याआधी चाळीस होती. कागदी टार्गेटवर साठला दीड तास मिळतो, त्या हिशोबाने आमच्याकडे तीसला पाऊण तास आणि त्याआधी दहा मिनिटं सायटिंग. ज्यांना पूर्ण साठ मारायचेत त्यांनी मारावेत, त्यांची वेगळी यादी लागते, पण मुख्य मॅच तीसची. काही जुने लोक सुरुवातीला कुरकुरले की ही अर्धी मॅच झाली. मला नाही तसं वाटत. रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते, ती डाव्या हातावर तोलून उभं राहायचं, प्रत्येक शॉटला वर उचलायची, खाली ठेवायची, श्वास, ट्रिगर, फॉलो थ्रू म्हणजे शॉट सुटल्यावरही क्षणभर तसंच राहायचं. नव्या माणसाचा विसाव्या शॉटनंतर कमरेचा आकडा होतो आणि मग तो फक्त संपवायचं म्हणून मारतो. तीस शॉट्समध्ये शेवटचा शॉटसुद्धा विचार करून मारता येतो. मॅचचं दडपण काय असतं ते कळायला तेवढे पुष्कळ झाले.

दडपणाचं सांगते कारण बाहेरच्यांना ते पटत नाही. दहा मीटरच्या टार्गेटचा मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पेन टेकवल्यासारखा. पेलेट म्हणजे एअर रायफलची बारीक गोळी, साडेचार मिलिमीटरची. ठिपक्याला पेलेटची कड लागली तरी दहा, म्हणजे मधापासून अडीच मिलिमीटरच्या आत पेलेटचा मध्य आला पाहिजे. त्यापुढे प्रत्येक अडीच मिलिमीटरला एक पॉइंट जातो. आणि इलेक्ट्रॉनिकवर दशांशात मोजतात, 10.9 पर्यंत. प्रॅक्टिसला हे सगळं छान जमतं. रेंज ऑफिसरने "स्टार्ट" म्हटलं की तीच रायफल, तोच माणूस, आणि नाडीचे ठोके थेट साईटमध्ये दिसायला लागतात. हे कुठलेही सर शिकवू शकत नाहीत, मॅच शूट करूनच येतं. म्हणून तर मॅच सगळ्यांना मिळाली पाहिजे.

स्कोअरिंग रविवारी सकाळी सगळ्यांसमोर. पाकिटं फोडतात, कार्ड टेबलावर, रेषेवरचा डाउटफुल शॉट असेल तर भोकात गेज, म्हणजे मापाची पट्टी-खुंटी, घालून बघतात, आणि ज्याचं कार्ड त्याला बाजूला उभं राहता येतं. एका कार्डावर एकच शॉट असल्यामुळे वाद फार होत नाहीत. मला ही सकाळ फार आवडते, चहा असतो, कॉलेजची पोरं आणि साठीचे काका एकाच टेबलाभोवती वाकलेले असतात आणि "हा नऊ आहे का दहा" ह्यावर चर्चा चालते. नवीन लोक इथेच सगळ्यात जास्त शिकतात, कारण शॉट्सचा ग्रुप डावीकडे खाली का चाललाय हे कार्डं ओळीने मांडली की लगेच दिसतं.

मग फायनल. आठ जण, पण नुसते टॉप आठ नाहीत, प्रत्येक वर्गातून दोन-दोन. स्कोअर शून्यापासून, दहा शॉट्स, प्रत्येक शॉटला पन्नास सेकंद, कमांडवर. मोठ्या फायनलची छोटी आवृत्ती. इलेक्ट्रॉनिक लेन दोनच असल्याने कागदी लेनवर मारावं लागतं आणि मध्ये मध्ये थांबून मोजावं लागतं, त्यामुळे जरा रेंगाळते. पण मागे बसून बघणारे असतात, टाळ्या असतात, आणि ज्या माणसाला आयुष्यात कधी स्टेटची फायनल मिळणार नाही त्यालाही आपल्या नावाची अनाउन्समेंट ऐकायला मिळते.

वर्ग कसे पाडलेत ते महत्त्वाचं. वयावर नाही, मागच्या काही कार्डांच्या अ‍ॅव्हरेजवर. ए, बी, सी आणि चौथा वर्ग सपोर्टवाला. ए मध्ये स्टेटला जाणारी मुलं, सी मध्ये नुकतेच कोर्स संपवलेले. तुमची स्पर्धा तुमच्या आसपासच्या माणसाशी होते. वर्गात पहिला येणाऱ्याला पेलेटची एक डबी मिळते, आणि स्वतःच्या अ‍ॅव्हरेजपेक्षा सगळ्यात जास्त वर गेलेल्यालाही तीच डबी. ट्रॉफ्या नाहीत हे मला फार बरं वाटलं, डबी वापरली जाते. ओपन साईटवाल्यांची, म्हणजे उघड्या खाचेतून नेम धरणाऱ्यांची, यादी पीप साईट म्हणजे बारीक भोकातून नेम धरणाऱ्यांपासून वेगळी लावतात, आपल्याकडच्या स्पर्धांत तसे वेगळे इव्हेंट असतातच, त्यामुळे ज्याच्याकडे देशी बनावटीची साधी ओपन साईटची रायफल आहे तोही येतो. आणि जॅकेट न घालता शूट करणाऱ्यांची वेगळी खूण असते कार्डावर, त्यांची तुलना जॅकेटवाल्यांशी होत नाही. हे योग्यच आहे, शूटिंगचं जॅकेट म्हणजे थंडीचा कोट नव्हे, कडक कॅनव्हास आणि लेदरचं असतं, पाठीला आणि कोपराला आधार देतं, त्याची जाडी सुद्धा नियमाने अडीच मिलिमीटरच्या वर चालत नाही. जॅकेट आणि बिनजॅकेट एका यादीत टाकले तर बिनजॅकेटवाला कायम तळाला.

सपोर्टवाल्या वर्गाबद्दल थोडं जास्त लिहिते. ह्यात रायफलचं वजन स्टँडवर असतं, शूटर खुर्चीत किंवा उंच स्टुलावर बसतो. पॅरा शूटिंगमध्ये, म्हणजे दिव्यांगांच्या शूटिंगमध्ये, एसएच टू वर्गाला असा आधाराचा स्टँड नियमानेच मिळतो, एसएच वनला रायफल स्वतः धरावी लागते. अवनी लेखरा एसएच वनमध्ये, व्हीलचेअरवरून, दहा मीटर एअर रायफलला टोकियोत सुवर्ण आणि पॅरिसमध्ये परत सुवर्ण. आमच्या क्लबात हा वर्ग काढला तेव्हा पहिल्यांदा एक निवृत्त काका आले, खांद्याचं ऑपरेशन झालेले, आधी नुसते मुलीला सोडायला यायचे आणि दोन तास बाहेर बाकावर बसायचे. आता तेच दर महिन्याला कार्ड टाकतात आणि एकेका पॉइंटसाठी गेज मागतात. कोणाला वाटेल स्टँडवर काय, कोणीही दहा मारेल. मारून बघा. ट्रिगर तोच, ठिपका तोच, आणि स्टँडमुळे चूक लपवायला जागा राहत नाही.

रायफल. चांगली इम्पोर्टेड मॅच रायफल दोन-तीन लाखांच्या घरात जाते, वाल्थर, फाइनवेर्कबाउ, ह्या नावांच्या पुढे सामान्य माणूस जाऊच शकत नाही. क्लबाकडे स्वतःच्या काही रायफली आहेत आणि मॅचच्या आठवड्यात त्या वेळ लावून बुक करता येतात, वहीत नाव लिहायचं, अ‍ॅप वगैरे काही नाही. बट प्लेट आणि चीक पीस, म्हणजे खांद्याला आणि गालाला टेकणारे भाग, ज्याचे त्याने सेट करायचे, पण तुमची सेटिंग एका कार्डावर लिहून ठेवलेली असते, ते कार्ड रायफलच्या पेटीतच असतं, पाच मिनिटांत तुमच्या मापाची होते. ही कार्डाची कल्पना इतकी साधी आहे आणि इतका वेळ वाचवते. रायफलचा हवेचा सिलिंडर भरायला मोठी टाकी रेंजवरच आहे, सिलिंडरवरच्या तारखाही बघतात, त्याला दहा वर्षांची मुदत असते आणि पुष्कळ ठिकाणी मुदत संपलेले सर्रास भरतात, इथे नाही.

लायसन्सचं लोक सारखं विचारतात म्हणून लिहिते. .177 ची एअर रायफल, वीस जूलपर्यंतची, तिला आपल्याकडे शस्त्र परवाना लागत नाही. मॅच रायफल साडेसात जूलच्या आसपासच असते. पन्नास मीटरच्या .22 रायफलला मात्र परवाना, काडतुसं, मोठी रेंज सगळं लागतं, त्यामुळे क्लबच्या सर्वसामान्य सभासदासाठी मॅच म्हणजे दहा मीटरच. ज्या खेळात तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन झाल्या, ज्यात स्वप्नील कुसाळेने ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिसला ब्राँझ आणलं, तो पन्नास मीटरचा खेळ आहे, आणि खाशाबा जाधवांच्या 1952 नंतर महाराष्ट्राच्या माणसाला मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल. त्या ब्राँझनंतर आमच्याकडे चौकशीला एवढी माणसं आली की ट्रायलसाठी वेटिंग लागलं. त्यातली किती टिकली? जी मॅचमध्ये आली ती टिकली, नुसत्या प्रॅक्टिसला आलेली बहुतेक दिवाळीपर्यंत गळाली. असं मी तरी पाहिलंय. आणि तेजस्विनीताई पहिल्यांदा ऑलिंपिकला गेल्या त्या टोकियोला, वयाच्या चाळिशीत, म्हणून वय झालं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते.

सेफ्टीला पैकीच्या पैकी. रायफलमध्ये रंगीत सेफ्टी लाईन, म्हणजे नळीतून घातलेली दोरी, असल्याशिवाय पेटीतून लेनवर आणता येत नाही, लेनवर कोणी पुढे गेलं की सगळ्यांच्या रायफली खाली. मॅचच्या आठवड्यात गर्दी असूनही ह्यात ढिलाई पाहिली नाही. निघताना हात धुवायला साबण ठेवलाय आणि पाटी आहे, कारण पेलेट शिशाचं असतं, आणि लहान मुलं हात न धुता डबा खातात.

आता तक्रारी. जॅकेट. क्लबाकडे मॅचसाठी उसनी द्यायला जी जॅकेटं आहेत ती जवळपास सगळी शाळकरी मुलांच्या मापाची किंवा उंच पुरुषांच्या मापाची. मध्यम उंचीच्या, जरा रुंद बांध्याच्या बाईला त्यातलं एकही नीट बसत नाही. छातीवर बटण लागत नाही म्हणून मापच मोठं घ्यावं तर खांदे लोंबतात, कोपर कंबरेवर टेकवायचा तिथे कापडाचा चुणा येतो, आणि मग दर शॉटला पोझिशन वेगळी. आम्ही चार-पाच जणी शेवटी बिनजॅकेट खूण करून शूट करतो. बाकी इतका विचार करणाऱ्या क्लबने ह्याचा विचार करायला हवा होता, आणि हे मी कमिटीला लेखी दिलंय. डावखुऱ्यांचीही हीच रड, डावखुरी रायफल एकच आणि डावखुरं जॅकेट शून्य.

एप्रिल-मेमध्ये रेंज भट्टी होते. एसी नाही, पंखे लावले तर कार्डं हलतात म्हणून मॅच चालू असताना बंद. जॅकेट-ट्राउझरमध्ये पाऊण तास म्हणजे घामाने साईट धुरकट. उन्हाळ्यात सकाळी सहाचा स्लॉट काढला तर फरक पडेल. आणि टार्गेटवरचा उजेड सगळ्या लेनवर सारखा नाही, नियमात दहा मीटरच्या टार्गेटवर किमान दीड हजार लक्स म्हटलंय, शेवटच्या दोन लेनवर तेवढा नक्की पडत नसणार, डोळ्यालाच कळतं. लेन चिठ्ठीने मिळते त्यामुळे अन्याय कोणावर ठरवून होत नाही, पण दिवे बदलणं काही अवघड काम नाहीये.

रिझल्ट ग्रुपवर यायला उशीर होतो, कधी कधी बुधवार उजाडतो. एवढं चालतं.

पैशाचं सांगायचं तर एन्ट्री दोनशे रुपये, त्यात कार्डं आणि क्लबची रायफल धरलेली, पेलेट आपापलं. विद्यार्थ्यांना शंभर. बाहेरच्या ओपन मॅचची एन्ट्री फी, प्रवास आणि एक रजा असा हिशोब मांडला तर हे काहीच नाही. क्लबला ह्यातून फायदा होत नसावा पण तोटाही होत नसावा, कारण रेंज ऑफिसरचं काम सभासदच आळीपाळीने करतात, त्यासाठी एका रविवारी सकाळी सरांनी सगळ्यांना कमांड आणि स्कोअरिंग शिकवलं होतं. माझी पाळी आली तेव्हा कळलं की लाईनच्या मागे उभं राहून तीस शॉट्स बघणं हीसुद्धा प्रॅक्टिसच आहे, कोण ट्रिगर ओढतंय आणि कोण दाबतंय ते मागून स्पष्ट दिसतं.

कोणी जाणार असाल तर फुल शर्ट आणि सपाट तळाचे बूट घालून जा, आधीच्या रात्री झोप काढा, मॅचच्या आधी तासभर तरी चहा-कॉफी नको. सोमवार-मंगळवार रेंज रिकामी असते, शुक्रवारी झुंबड. चष्मा असेल तर शूटिंगच्या आधी पुसायला कापड ठेवा, रेंजवर मिळत नाही.

आणि एक विनंती. ज्यांची मुलं शूटिंग करायची आणि आता इंजिनीअरिंगला गेलीत, त्यांच्या घरी माळ्यावर जॅकेट, ट्राउझर, बूट पडून असतात. ओलसर जागेत लेदर बुरसटतं, कॅनव्हास मऊ पडतो आणि मग ते कोणाच्याच कामाचं राहत नाही. जवळच्या क्लबाला देऊन टाका, विशेषतः मुलींची आणि डावखुऱ्यांची मापं. आमच्या क्लबात त्यासाठी एक कपाट रिकामं केलंय, आत्ता त्यात दोनच हँगर भरलेत.